आई-बाबांच्या खोलीत थर्मोस्टॅट बसवताना

घरासाठी स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून एसी किंवा हीटर स्वतः सांभाळणारं यंत्र, शोधायला बसलं की आधी समोर येतात त्या भिंतीवरच्या गोल, चकचकीत तबकड्या. त्यातली सगळ्यांत गाजलेली नेस्ट. टोनी फॅडेल आणि मॅट रॉजर्स यांच्या कंपनीने ती २०११ मध्ये आणली आणि २०१४ मध्ये गूगलने ती कंपनीच विकत घेतली. वस्तू देखणी आहे, पण नागपूरच्या घरात तिचा काही उपयोग नाही. ती चालते २४ व्होल्टच्या तारांवर, आणि अख्ख्या घराला ऊब देणारी एकच भट्टी किंवा एकच मोठा एसी असतो अशा देशांसाठी ती बनवलेली आहे. आपल्याकडे दर खोलीचा स्प्लिट एसी वेगळा, आणि तो ऐकतो फक्त रिमोटचं. हॉलच्या खिडकीत बसवलेल्या पत्र्याच्या कूलरला तर रिमोटही नसतो. म्हणून इथे थर्मोस्टॅट बसवायचा म्हणजे तो जुळवायचा: तापमान आणि दमटपणा मोजणारा सेन्सर, एसीला रिमोटसारखा इशारा देणारा इन्फ्रारेड कंट्रोलर, कूलरसाठी रिले म्हणजे इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारे नियम.

मला तो हवा होता आई-बाबांच्या रात्रींसाठी. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडत राहतो. रात्री नऊ वाजता खोलीतली हवा २६ अंशांवर आली तरी छताकडून धग लागतेच, अंगाची तगमग थांबत नाही. मग बाबा एसी २१ वर नेतात. पहाटेपर्यंत स्लॅब निवतो आणि तोच एसी हाडं गोठवायला लागतो. बाबा उठतात, एसी बंद करतात, अर्ध्या तासात खोली पुन्हा तापते, आई घामाघूम होऊन उठते. दोघंही सत्तरीपुढचे, बाबांना रक्तदाबाचा त्रास. मे महिनाभर दोघांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि सकाळी दोघांचेही चेहरे उतरलेले असत. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता असं हे शहर. इथे म्हाताऱ्या माणसांची झोप ही चैनीची गोष्ट मानता येत नाही.

एसीला स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच, मग दुसरा कशाला, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण एसीचा सेन्सर असतो त्याच्या आतल्या युनिटमध्ये, छताच्या खाली हातभर अंतरावर. तिथली हवा आणि पलंगावर उशीपाशी असलेली हवा यांत फरक पडतो. हा फरक रोज सारखाही नसतो. पंखा चालू असला तर कमी, बंद असला तर जास्त. एसी मोजतो स्वतःभोवतीची हवा, आणि मला मोजायची होती आईच्या उशाजवळची.

निवड करताना पहिली पायरी होती एसीला हुकूम कसा जातो हे समजून घेण्याची. टीव्हीच्या रिमोटवर आवाजाचं बटण दाबलं की फक्त ‘आवाज वाढव’ एवढाच संकेत जातो. एसीचा रिमोट तसा नसतो. बटण कोणतंही दाबा, दर वेळी पूर्ण स्थिती एकदम जाते: मोड कूल, तापमान २५, पंखा मध्यम, झडप स्थिर. म्हणूनच एसीच्या रिमोटला पडदा असतो. ज्या कंट्रोलरमध्ये एकेक बटण ‘शिकवावं’ लागतं तो टीव्हीसाठी ठीक, एसीसाठी कटकटीचा; तापमान, मोड आणि पंखा यांची प्रत्येक जोडी वेगळी शिकवत बसावं लागतं. ज्याच्या यादीत आपल्या एसीचं मॉडेल तयार आहे आणि जो पूर्ण स्थितीचा संकेत स्वतः बनवतो, असाच घ्यावा. बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात मी रिमोटचा मॉडेल क्रमांक लिहून नेला होता. एसीचा नव्हे, रिमोटचा; याद्या बहुतेक वेळा त्यावरूनच जुळतात.

दुसरी कसोटी इंटरनेटची. यातली बरीच यंत्रं घरातल्या घरात बोलत नाहीत. आपला हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत येतो. वादळात लाइन गेली की बटण मुकं. शिवाय कंपनीने उद्या हात वर केले तर काय? गूगलने नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा आधार २५ ऑक्टोबर २०२५ पासून काढून घेतला. भिंतीवरची तबकडी चालते, पण फोनवरून तिच्याशी बोलता येत नाही. मी ठरवलं की माझे नियम माझ्या घरातच राहायला हवेत. म्हणून होम असिस्टंट ही मोफत प्रणाली रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर टाकली आणि घरच्या नेटवर्कवरून थेट हुकूम घेणारा कंट्रोलर निवडला. याची परीक्षा सोपी आहे: राउटरला बाहेरून येणारी इंटरनेटची वायर काढायची, वायफाय चालू ठेवायचं आणि एसी सुरू होतो का ते पाहायचं. दुकानदाराकडून परत घेण्याची मुदत लिहून घेतली होती आणि घरी आल्यावर सगळ्यांत आधी ही परीक्षा केली. आणखी एक, ही यंत्रं बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्याच वायफायला जोडली जातात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झशी एकत्र केलेलं नाव वेगळं करून ठेवलं की जोडणी अडत नाही.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांनी वायफाय असलेला एसीच घ्यावा का? नवा घेणारच असाल तर जरूर पाहा. पण त्यातही सेन्सर बहुतेक वेळा युनिटमध्येच असतो, म्हणजे मूळ प्रश्न तिथेच राहतो. चांगला चालणारा एसी केवळ ॲपसाठी बदलणं मला पटलं नाही.

सेन्सरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा असतो. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली होती. देशभर बातमी झाली. हवामान खात्याने तपासलं तेव्हा सेन्सरच बिघडलेला निघाला. सरकारी केंद्राचं असं होऊ शकतं, तर आपल्या खोलीतल्या काडेपेटीएवढ्या डबीवर डोळे मिटून विश्वास का ठेवायचा? घेताना आतली चिप कोणती हे विचारावं. डीएचटी११ मध्ये तापमानाची चूक दोन अंशांपर्यंत असू शकते. डीएचटी२२ ती अर्ध्या अंशाच्या आसपास ठेवतो. ज्या खोलीत सगळा खेळ एकेका अंशाचा आहे तिथे पहिला सेन्सर कामाचा नाही.

तापमान पडताळायला घरातला काचेचा तापमापक त्याच्या शेजारी रात्रभर ठेवला. दमटपणा पडताळायची युक्ती स्वयंपाकघरातली आहे आणि ती आईने केली. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूइतपत करायचं. मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि सेन्सर घट्ट बसणाऱ्या स्टीलच्या डब्यात, एकमेकांना न लागता ठेवायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. ओल्या मिठावरच्या बंद हवेचा दमटपणा ७५ टक्क्यांवर स्थिरावतो, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. डब्यातून वायरलेसचा संकेत बाहेर येत नव्हता, म्हणून सेन्सर आठवण ठेवणारा असल्याचा फायदा झाला. सकाळी डबा उघडल्यावर त्याने रात्रभराचा आलेख दिला. आमचा ७८ वर थांबला होता. प्रणालीत तीन टक्के वजा करून टाकले. आई मराठी शाळेत विज्ञान शिकवायची. त्या दिवशी तिने शेजारच्या मुलांना बोलावून डबा दाखवला.

जागा निवडायला त्याहून जास्त वेळ दिला. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते, तिच्यावर लावला की तो भिंतीचं तापमान सांगतो. एसीच्या झोतात लावला की खोली थंड झाली असं समजून लवकर समाधानी होतो. टीव्ही, राउटर, चार्जर, ट्यूबलाइट यांच्याजवळ थोडी ऊब असतेच. शेवटी आतल्या भिंतीवर, पलंगाच्या उशाकडे, जमिनीपासून साधारण एक मीटरवर, झोताच्या बाजूला जागा मिळाली. दुहेरी चिकटपट्टीने लावला. चुन्याच्या भिंतीवर पट्टी धरत नाही, म्हणून आधी लाकडी पट्टी स्क्रूने ठोकली.

आता नियम. जुना, इन्व्हर्टर नसलेला एसी असेल तर थर्मोस्टॅट त्याला चालू-बंद करू शकतो, मात्र बंद झाल्यावर पुन्हा सुरू करण्याआधी किमान तीन मिनिटं जायला हवीत, नाहीतर कॉम्प्रेसरवर ताण येतो. आमचा इन्व्हर्टर एसी आहे. त्याचं बळ या गोष्टीत आहे की तो बंद न होता हळू चालत राहतो. त्याला सारखं बंद-चालू केलं तर ते बळच वाया जातं. म्हणून मी त्याला चालूच ठेवते आणि फक्त सेट केलेलं तापमान हलवते. उशापाशी हवं त्यापेक्षा अर्धा अंश जास्त असेल तर एसीला एक अंश खाली सांगायचं, अर्धा अंश कमी असेल तर एक अंश वर, आणि दोन बदलांमध्ये पाव तास थांबायचं. खोलीला प्रतिसाद द्यायला तेवढा वेळ लागतो. इन्व्हर्टर असो वा नसो, एसीचा विजेचा प्लग स्मार्ट सॉकेटने तोडायचा प्रयत्न कोणी करू नये. बंद करायचा तो रिमोटच्याच संकेताने.

वेळेप्रमाणे हवं असलेलं तापमान स्लॅबच्या हिशेबाने ठरवलं. झोपायच्या वेळी छत तापलेलं, म्हणून २५. मध्यरात्रीनंतर २६. पहाटे तीननंतर २७, सोबत पंखा मंद. हे आकडे आमच्या खोलीचे आहेत. तळमजल्यावर राहणाऱ्याला पहिला टप्पा लागणारही नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्याच ब्युरोच्या नियमामुळे १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना आपोआप २४ वर येतात. पूर्वी २१ वर रात्र काढणारी खोली आता पहाटे २७ वर असते आणि कोणी उठत नाही. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटचे टप्पे आहेत, टप्पा ओलांडला की पुढच्या युनिटचा दर चढतो. मे महिन्यात आमचं बिल नेहमी वरच्या टप्प्यात शिरायचं, यंदा ते त्या टप्प्याच्या खालीच थांबलं.

कूलरचा भाग मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण तो अस्सल इथला आहे. होळी झाली की नागपुरात घरोघरी कूलर बाहेर निघतात, त्यांच्या पाणी झिरपणाऱ्या ताट्या बदलल्या जातात, पंपाची जाळी घासली जाते. कूलरचं गणित पूर्णपणे दमटपणावर चालतं. बाहेर ४४ अंश आणि दमटपणा १५ टक्के असेल तर पाणी उडून हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. चांगल्या ताटीचा कूलर २७-२८ पर्यंत आणून सोडतो. तोच कूलर जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के दमटपणात लावला तर तळच मुळी २९ वर असतो. हाती येतो फक्त चिकचिकाट. म्हणजे कूलरला नुसता तापमानाचा थर्मोस्टॅट लावून भागत नाही, त्याला दमटपणाही कळायला हवा.

त्यासाठी पंप आणि पंखा वेगळे करणं भाग होतं. आमच्या भागातल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने आधी स्विचबोर्ड उघडला. स्मार्ट रिलेला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, लागते आणि जुन्या बोर्डांमध्ये नुसत्या दिव्या-पंख्याच्या बटणांमागे ती नसते.

“ताई, या बटणाच्या मागं न्यूट्रल येऊनच नाही राहिला,” तो म्हणाला. “पण बाजूला सॉकेट हाय ना, तिथून घेऊन घेतो.”

सॉकेट असलेल्या बोर्डात न्यूट्रल असतोच, हे ज्यांना हे काम करायचंय त्यांनी लक्षात ठेवावं. मग त्याने टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग पाहिलं आणि मान हलवली. “अर्थिंगच नाही जी याला. तिसऱ्या पिनमध्ये वायरच नाही टाकलेली.”

बाहेरच्या खिडकीत पाण्याने भरलेला लोखंडी डबा, त्यात बुडालेला पंप, आणि अर्थिंग नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, लहान मुलं जातात, त्या बातम्या आपण सगळेच वाचतो. मी त्याला म्हटलं, रिले राहू दे, आधी हे कर. मुख्य बोर्डापासून हिरवी वायर ओढली, कूलरच्या पत्र्याला स्क्रू आणि लग लावून ती घट्ट बसवली, आणि त्या सर्किटवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच ती तोडणारा स्विच, टाकला. थर्मोस्टॅटच्या एकूण खर्चात हा खर्च सगळ्यांत मोठा निघाला आणि तो करताना मी हात आखडता घेतला नाही. तुमच्या घरी पत्र्याचा कूलर असेल तर स्मार्ट काही बसवा, न बसवा, पण आरसीसीबीचं टेस्टचं बटण आज दाबून पाहा. पाणी भरताना प्लग काढायची सवय तरीही सोडू नका.

रिले बसल्यावरचे नियम असे आहेत. दुपारी हॉल ३१ च्या वर गेला की आधी पंप सुरू होतो, पाच मिनिटांनी पंखा. कोरड्या ताटीतून गरम हवेचा आणि धुळीचा पहिला झोत अंगावर येत नाही. आतला दमटपणा ६५ टक्क्यांवर गेला की पंप थांबतो आणि नुसता पंखा चालतो. ५५ वर आला की पंप परत सुरू. टाकीत तरंगता स्विच टाकलाय, पाणी तळाला गेलं की पंप बंद होतो, म्हणजे तो कोरडा चालून जळत नाही. नवतपात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होणाऱ्या नऊ दिवसांत, पंप जवळजवळ अखंड चालला. अवकाळी पाऊस आला त्या संध्याकाळी मात्र पंप आपोआप थांबला होता, आणि हॉलमध्ये तो नेहमीचा चिकट कुबट वास नव्हता.

एक पेच खिडकीचा होता. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणून दुपारी आई-बाबांच्या खोलीचं दार आणि खिडकी उघडी असते. एसीला मात्र सगळं बंद हवं. रात्री खिडकी फटीएवढी उघडी राहिली की एसी बिचारा बाहेरच्या मे महिन्याशी झुंजत बसतो. त्यासाठी खिडकीच्या चौकटीला चुंबकाचा छोटा सेन्सर लावला. खिडकी उघडी असताना एसी सुरू केला की आईच्या फोनवर सूचना येते. एसी मी आपोआप बंद होऊ देत नाही. कधी आईला मुद्दाम जरा हवा हवी असते.

बाबांचा सुरुवातीला या सगळ्यावर विश्वास नव्हता. “हे रात्री आपल्या मनानंच काय करून राहिलं?” असं ते पहिल्या रात्री विचारत होते, कारण प्रत्येक बदलाला एसी बीप करतो. त्यांचा प्रश्न मला योग्य वाटला. ज्याच्या खोलीत यंत्र बसवायचं त्याच्या हातातून रिमोट काढून घेणं मला मंजूर नव्हतं. कंट्रोलर घेताना तो रिमोटचे संकेत ऐकूही शकतो हे पाहून घेतलं होतं, त्याचा इथे उपयोग झाला. बाबांनी स्वतः रिमोट दाबला की माझे नियम दोन तास गप्प बसतात आणि बाबांचं म्हणणं चालतं. त्यानंतरही लगेच उडी न मारता अर्ध्या-अर्ध्या अंशाने मूळ वेळापत्रकावर येतात. बीप मॉडेलनुसार बंद करता येतो. आमच्या एसीत रिमोटच्या दोन बटणांच्या जोडीने झाला. हळूहळू बाबांनी रिमोटला हात लावणं कमी केलं. आलेखात मला ते दिसतं, त्यांना मी बोलून दाखवलेलं नाही.

वीज जाण्याचा बंदोबस्तही लागतो. राउटर, रास्पबेरी पाय आणि कंट्रोलर घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, एसी अर्थातच नाही. दिवे आल्यावर आमचा एसी स्वतःहून सुरू होत नाही. इन्फ्रारेड हा एकतर्फी मामला. एसी सुरू झाला की नाही हे कंट्रोलरला दिसत नाही. पण उशापाशी तापमान सलग दहा मिनिटं वर जात राहिलं तर एसी बंद पडला असणार, एवढा तर्क प्रणालीला करता येतो. ती संकेत पुन्हा पाठवते. दोनदा पाठवूनही तापमान उतरलं नाही तर माझा फोन वाजतो, रात्री कितीही वाजले असोत, आणि मी उठून त्यांच्या खोलीत जाते.

पावसाळा लागला की कूलरचे नियम बंद करते, टाकी रिकामी करून कोरडी पुसते, नाहीतर डेंग्यूच्या डासांना आयतं घर मिळतं. एसीचं वेळापत्रकही बदलतं: स्लॅब भिजून थंड असतो, मग तापमानापेक्षा दमटपणा काढणं महत्त्वाचं. तेव्हा दमटपणा ७० च्या वर गेला की ड्राय मोड आणि खाली आला की नुसता पंखा. ऑक्टोबरच्या उन्हासाठी मेचंच वेळापत्रक ठेवलंय, फक्त २५ चा पहिला टप्पा रात्री दहालाच संपतो. पुढच्या होळीनंतर ताट्या बदलताना कूलरच्या झोतात अजून एक सेन्सर टाकणार आहे, म्हणजे ताटीत क्षार साचून ती निकामी व्हायला लागली की कूलरमधून येणाऱ्या हवेच्या तापमानावरून आधीच कळेल.